बकरा काय चरला? – माळरान, चराई आणि आपला धंदा

देवनारच्या बाजारात बकऱ्यांची गाडी रिकामी होते तेव्हा घेणारा माणूस दात बघतो, पाठीवरून हात फिरवून कंबर चाचपतो, वजनाचा अंदाज बांधतो आणि मग भावाची बोलणी सुरू होतात. माल राजस्थानचा की माळव्याचा, उस्मानाबादी की सिरोही, हेही विचारले जाते. पण हे जनावर गेले चार-सहा महिने काय चरत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक मांसाचा उतारा, कातडीची प्रत, पुढच्या वर्षीचा पुरवठा आणि भाव या सगळ्यांची मुळे त्या चरण्यात आहेत. जनावर रानात चरते तेव्हा त्याचे पोट भरतेच, पण त्याबरोबर ते रानही बदलते. कोणती झाडे वाढतील, कोणती संपतील, कोणते पक्षी-प्राणी तिथे टिकतील, हे बऱ्याच अंशी चरणाऱ्या तोंडांवर ठरते. पाऊस, खारटपणा, गाळ आणि हवा यांचा वाटा वेगळाच. माहुल, चेंबूर, गोवंडी, देवनार या पट्ट्यातील खाटीक, जनावरांचे व्यापारी, कातडीवाले आणि चामड्याचे कारागीर यांनी हा विषय एकदा नीट समजून घ्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. तेव्हापासून मुंबईची मटणाची गरज भागवणारे जनावर मुख्यतः कोरड्या मुलखातून येते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्राचा त्यातील वाटा एक कोटीहून अधिक आहे. या शेळ्यांपैकी फार थोड्यांना कोणी दावणीला बांधून चारा घालतो. बाकी सगळ्या माळ, पडीक जमीन, ओढ्याकाठची झुडपे आणि पिके निघाल्यावरची शेते यांवर जगतात. म्हणजे आपल्या धंद्याचा कच्चा माल शेवटी गवत आणि पाला हाच आहे.

तोंडातोंडात फरक

सगळी जनावरे सारखी चरत नाहीत. गाय-म्हैस जिभेचा वेढा घालून गवताचा झुपका ओढून तोडते, त्यामुळे अगदी जमिनीलगतचे गवत तिला घेता येत नाही. मेंढीचे ओठ पातळ आणि वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असतो. ती जमिनीला तोंड लावून खुरटे गवतही कुरतडते. शेळी मात्र मुळात गवतावर जगणारे जनावर नाही. तिला पाला, कोवळी डहाळी, शेंगा आणि साल आवडते. बोर, बाभूळ, हिवर यांच्या काट्यांमधून ती नेमके पान निवडते, मागच्या दोन पायांवर उभी राहून डोक्याच्या वरच्या उंचीचा पाला ओरबाडते. या सगळ्या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे फक्त कडक हिरडी असते. दात बघून वय ठरवणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना हे सांगायला नकोच. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वाळूच्या, खुरट्या, फार चरलेल्या रानातील जनावराचे दात वयाच्या मानाने लवकर झिजतात. दात झिजले आहेत एवढ्यावरून जनावर म्हातारे आहे असे धरून चालू नये, त्याचा मुलूखही विचारावा.

आता वनस्पतीच्या बाजूने पाहू. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरचे पाते खाल्ले तरी खालून नवे पाते येते, आणि म्हणूनच गवत चराई सोसते. झाडाच्या रोपाचे तसे नाही. त्याची वाढ शेंड्यातून होते. शेळीने शेंडा खुडला की रोप बाजूने फुटते, पुन्हा खुडले की पुन्हा फुटते आणि शेवटी गुडघाभर उंचीचे झुडूप होऊन राहते किंवा मरते. यावरून उलगडते की ज्या माळावर वर्षानुवर्षे कळप फिरतात तिथे उघडे गवताळ रान का टिकते आणि दाट झाडी का वाढत नाही.

पण यालाही मर्यादा आहे. मारवेल, पवना यांसारखी बहुवर्षायू गवते मुळांत अन्न साठवून ठेवतात आणि उन्हाळ्यानंतर त्याच साठ्यावर पुन्हा उभी राहतात. पहिल्या पावसानंतर पाते जेमतेम वर आले असताना कळप घातला, आणि बी धरायच्या आधी पुन्हा घातला, तर तो साठा रिता होतो. दोन-चार वर्षांत ही गवते मागे पडतात आणि त्यांच्या जागी एका पावसाळ्यात उगवून मरणारी, कमी कसाची गवते येतात. त्यांच्याबरोबर जनावर ज्यांना तोंड लावत नाही अशी झाडे माजतात. रुई, घाणेरी, तरवड आणि गाजर गवत ही त्यातली ठळक नावे. गाजर गवत पुण्याच्या परिसरात १९५० नंतरच्या दशकात प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. गुरे ते टाळतात, आणि नाइलाजाने खाल्लेच तर दुधाला कडवट चव येते. ज्या माळावर ते कमरेइतके वाढले तिथे चांगले गवत संपले असे खुशाल समजावे.

कुसळ आणि कातडी

आपल्या कारागिरांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे गवत म्हणजे कुसळी. दख्खनच्या माळावर फिरलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, कारण ते धोतरात, पायजम्यात आणि मोज्यांत शिरते. चराई आणि वणवे दोन्ही सोसून टिकणाऱ्या गवतांत त्याचा नंबर वरचा. कोवळे असताना जनावर ते खाते. पावसाळा संपता संपता त्याला बी येते, आणि प्रत्येक बियाला टोकदार चोच व मागे लांब केसासारखे शेपूट असते. हे शेपूट ओलावा लागला की फिरते, सुकले की उलटे फिरते, आणि बी गिरमिटासारखे आत घुसते. निसर्गाने ही सोय जमिनीत शिरण्यासाठी केली आहे, पण मध्ये मेंढीची लोकर आली तर बी लोकरीतून कातडीत शिरते आणि कधी कधी कातडीखालच्या मांसापर्यंत पोहोचते.

कच्च्या कातडीवर हे छिद्र सहज दिसत नाही. केस निघाले, कातडे कमावले गेले, रंग चढला की मग बारीक टोचे उठून दिसतात आणि बॅगेच्या दर्शनी बाजूला लावायचा तुकडा अस्तरात जातो. शेळीच्या कातडीत कुसळाचा त्रास मेंढीपेक्षा कमी, पण काटेरी झुडपांत तोंड खुपसणारे जनावर असल्यामुळे तिच्या मानेवर आणि खांद्यावर ओरखडे अधिक. ओरखडा भरून आला तरी दाण्यावर रेघ राहते. धारावीत अनेक टॅनऱ्या बंद झाल्या किंवा हलल्या, आणि आता कच्ची कातडी मीठ लावून बरीचशी तामिळनाडूकडे जाते. तिथे प्रत लावताना जी सूट कापली जाते तिचे एक कारण आपल्या माळावरचे गवत आहे. सोलताना सुरीने पडलेले काप हा आपला दोष आहे आणि तो सुधारता येतो. पण कुसळाच्या हंगामानंतर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास आणि पुढचे दोन-तीन महिने, माळावरून आलेल्या मेंढीची कातडी घेताना पोट आणि फासळीची बाजू उजेडात धरून तपासावी. भाव त्याप्रमाणे करावा.

तरवडाची गोष्ट याच्या उलट आहे. पिवळ्या फुलांचे हे झुडूप जनावर खात नाही, म्हणून चरून चरून उघड्या पडलेल्या माळावर ते भरपूर वाढते. पशुपालक त्याला निरुपयोगी म्हणतो. परंतु त्याच्या सालीत कातडे कमावण्याचा कस चांगला असतो, आणि रासायनिक क्रोम येण्यापूर्वी दक्षिण हिंदुस्तानातील चर्मोद्योग बऱ्याच प्रमाणात या सालीवर चालत होता. बाभळीच्या सालीचा उपयोग दख्खनमध्ये तसाच होई. म्हणजे शेळ्या-मेंढ्यांनी जो माळ चरून काढला, त्याच माळावर त्यांची कातडी कमावण्याची वनस्पती उरत होती. कारागीर आणि मेंढपाळ या दोघांनीही हे असे व्हावे म्हणून काही केले नव्हते.

बाभळीच्या शेंगांचा हिशेब आणखी वेगळा. उन्हाळ्यात गवत संपते तेव्हा शेळ्या-मेंढ्या या शेंगांवर तगतात. बी टणक असते. ते रवंथ करताना बाहेर टाकले जाते किंवा लेंडीतून पडते. पोटातील रसाने त्याचे कवच मऊ झालेले असते आणि ते लवकर रुजते. म्हणूनच बाभूळ लावणारे पूर्वीपासून वाड्यातले, म्हणजे कळप बसतो त्या जागेचे बी गोळा करीत. शेळी रोप खाते हे खरे, पण बी पेरण्याचे कामही तीच करते.

बन्नीचा धडा

हीच बी पेरण्याची करामत कुठवर जाऊ शकते हे पाहायचे असेल तर कच्छच्या बन्नी मुलखाकडे बघावे. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे हे गवताळ रान. तिथले मालधारी बहुसंख्येने मुसलमान आहेत. जत, मुतवा, हालेपोत्रा अशा जमातींची ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळतात. खारे वाळवंट पुढे सरकत आहे, त्याला आवर घालावा म्हणून १९६१ च्या सुमारास सरकारने इथे विलायती बाभूळ लावली. सुमारे ३१ हजार हेक्टरवर ही लागवड झाली असे सांगितले जाते. आपल्याकडे हिला वेडी बाभूळ म्हणतात. तिचा पाला जनावर खात नाही, शेंगा मात्र गोड असतात आणि त्या चवीने खाल्ल्या जातात. परिणाम असा झाला की झाडाला कोणी खाईना आणि बी मात्र हजारो गुरांच्या पोटातून खतासकट चहूकडे पडू लागले. आज बन्नीचा निम्म्याच्या आसपास भाग या झुडपाखाली गेला आहे.

त्याबरोबर जनावरही बदलले. बन्नीत पूर्वी कांकरेज गाईंचा मोठा व्यवसाय होता. केवळ शेंगांवर राहिलेल्या गाईंना पचनाचे आणि जबड्याचे विकार जडले. म्हैस त्यात बरी तगली. गाईंची संख्या घटली आणि म्हशी वाढल्या. बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, दुधाच्या डेअऱ्या आल्या आणि काहींचे बरे चालले. बैल विकून पैसा करणाऱ्यांचा धंदा मात्र गेला. या झुडपाचा कोळसा पाडण्याला २००४ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांनी ती पुन्हा थांबवली गेली, तेव्हा कोळशावर अवलंबून राहिलेले लोक मध्येच अडकले. एका झाडामुळे गवत, जनावर आणि माणसाचा पेशा, तिन्ही एका आयुष्यात बदलले. दोष गुरांचा म्हणावा तर ती शेंग त्यांच्यापुढे आणून ठेवणारा हात दुसऱ्याचाच होता.

चराई बंद केली की काय होते

माळ उजाड झाला की सरकार आणि शिकलेली माणसे पहिला उपाय सांगतात, तो चराईबंदीचा. काही ठिकाणी तो लागू पडला आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, पाणी अडवले, बंद केलेल्या डोंगरातून गवत कापून आणण्याची मुभा ठेवली आणि तिथे गवत, पाणी व दूध वाढले. मात्र या व्यवस्थेत गाय बांधून पाळणाऱ्या शेतकऱ्याचा फायदा होतो. ज्याला जमीन नाही आणि ज्याच्या घरी पाच शेळ्या आहेत, त्याच्यासाठी गवत कापून आणणे हा पर्याय नसतो, कारण शेळी कापलेल्या गवतावर खूश राहत नाही. गावच्या कौतुकात ही बाब बहुधा मागे पडते. देवनारला माल कमी येतो तेव्हा व्यापारी दलालाला दोष देतो, पण कोठे कोठे शेळी पाळणेच बंद झाले आहे हे त्याला कळत नाही.

आणि बंदी सगळीकडे लागू पडतेच असे नाही. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पाणथळ रान पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. तिथे शेकडो म्हशी पिढ्यांपासून चरत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई बंद केली गेली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि माणसे मेली. आपल्या मुंबईचे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली हेही चराईबंदीच्या बाजूचे होते. त्यानंतर त्यांच्याच संस्थेने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तिथे अनेक वर्षे अभ्यास केला. त्यात आढळले की म्हशी गेल्यावर पाण्यातले एक गवत मोकाट वाढले आणि त्याने उघडे पाणी व्यापून टाकले. पोहणाऱ्या बदकांना जागा उरेना, मासळी कमी झाली, कंद खाणाऱ्या पक्ष्यांना अडचण झाली. जे काम म्हशी फुकट करीत होत्या ते बुलडोझरनेही नीट होईना. या संस्थेची थोरवी अशी की आपल्याच संस्थापकपुरुषासारख्या माणसाच्या मताविरुद्ध गेलेला निष्कर्ष तिने छापून जाहीर केला.

आफ्रिकेतील सेरेनगेटीचा दाखलाही थोडक्यात सांगतो. १८९० नंतर तिथे बुळकांडी रोग पोहोचला आणि गुरांबरोबर रानातील लाखो चरणारे प्राणीही मेले. खाणारे तोंड नाही म्हणून गवत माजले, वाळले, आणि वणवे वारंवार लागू लागले. वणव्यात झाडांची रोपे जळत. पुढे आसपासच्या गुरांना लस टोचल्यावर रोग आटोक्यात आला. वाइल्डबीस्ट नावाच्या प्राण्यांची संख्या अडीच लाखांवरून १९७० च्या दशकाअखेर तेरा लाखांच्या घरात गेली. गवत खाल्ले गेले, वणवे घटले आणि झाडे वर येऊ लागली. गवत खाणाऱ्यामुळे झाडी वाढली, हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु ते असेच घडले. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

आपल्याकडे असा समज आहे की दख्खनचा माळ म्हणजे शेळ्या-मेंढ्यांनी खाऊन संपवलेले जंगल. हाही तपासण्यासारखा आहे. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यातील व लोकपरंपरेतील झाडांचे उल्लेख गोळा करून दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातील मोकळी गवताळ राने कित्येक शतकांपासून तशीच आहेत. माळढोक, काळवीट, लांडगा हे प्राणी मुळात याच उघड्या रानाचे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. हा पक्षी उंच गवतात आणि दाट झाडीत राहत नाही, त्याला दूरवर दिसेल असा माळ लागतो. तिथे झाडे लावणे म्हणजे त्याचे घर मोडणे. धनगराच्या मेंढ्या माळ मोकळा ठेवतात, आणि दिवाळीनंतर खाली कोकणाकडे उतरून भाताच्या रिकाम्या खाचरांत बसतात. तेवढ्या काळात वरच्या माळाला विसावा मिळतो. मेंढका पाऊस बघून चालतो, आणि त्याची वाट अडवली की एकाच रानावर बारा महिने भार पडतो. नासधूस खरी तिथून सुरू होते.

हिमा

कुरण कोणाचे आणि त्यात कोणाची जनावरे आधी, हा प्रश्न आपल्या दीनमध्ये फार पूर्वी हाताळला गेला आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत लोक भागीदार आहेत, या आशयाची हदीस प्रसिद्धच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेजवळ नकी येथे राखीव कुरण ठेवले, त्याला 'हिमा' म्हणतात. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत रबजा येथील हिमावर हुनै नावाचा व्यवस्थापक होता. त्याला त्यांनी दिलेली ताकीद सहीह बुखारीत आली आहे. तिचा आशय असा की थोडे उंट आणि थोड्या शेळ्या असलेल्या गरिबाला आत येऊ दे, आणि अब्दुर्रहमान बिन औफ व उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना आवर घाल. कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांना शेती आणि खजुराच्या बागा आहेत. गरिबाची जनावरे मेली तर तो मुलेबाळे घेऊन दाराशी येईल, आणि त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा पाणी आणि गवत देणे सोपे आहे.

हे दोन्ही सहाबी सचोटीचे आणि मोठे व्यापारी होते, त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा यात हेतू नाही. कुरणाची ताकद मर्यादित आहे, हे ओळखून ती आधी कोणाला द्यावी याचा निवाडा केला आहे. आपल्याकडील चराईबंदीचे नियम लिहिताना नेमका हा विचार राहून जातो. अरब मुलखात आणि शाम प्रदेशात काही हिमा विसाव्या शतकापर्यंत टिकून होते, आणि तिथे आसपासच्या उजाड रानापेक्षा गवत व झुडपे चांगली राहिली असे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

माहुलची खाडी

आता आपल्या दाराशी येऊ. माहुल म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेलाच्या टाक्या आणि धुराडी. १९५४-५५ मध्ये इथले दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, त्यानंतर खत आणि वीज आली. त्यापूर्वीचे कोळी-आगऱ्यांचे गाव, मिठागरे आणि खाडीतली चिंबोरी-निवट्यांची मासेमारी यांना बराच आकसा बसला. तरीही शिवडी ते माहुल हा चिखलाचा पट्टा भरती-ओहोटीत उघडा पडतो, आणि १९९० नंतरच्या दशकापासून तिथे हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी येऊ लागले. शेजारच्या ठाणे खाडीत २०१५ मध्ये रोहित अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले.

रोहित हाही एका अर्थाने चरणाराच. लहान रोहित चोच उलटी करून चिखल-पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. शहराच्या सांडपाण्यातील नत्राने हे शेवाळ फोफावते, म्हणून पक्षी इथे टिकतात, असे तज्ज्ञ सांगतात. घाण वाढली म्हणून पक्षी वाढले, हे ऐकून आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावे ते समजत नाही. शिवाय त्याच नाल्यांतून गाळ येतो. गाळाने चिखलाची पातळी थोडी वर उचलली की तिवराची बिजे रुजतात, आणि जिथे उघडा चिखल होता तिथे हिरवी झाडी पुढे सरकते. रोहिताला झाडीत चरता येत नाही. खारफुटी वाढणे ही मासळीसाठी आणि किनाऱ्यासाठी चांगली गोष्ट, पण उघड्या चिखलावर पोट भरणाऱ्यासाठी ती अडचण ठरते.

मुंबईच्या खाड्यांत तिवरच जास्त का, याचेही उत्तर तोडणी आणि चरण्याशी जोडलेले आहे. तिवर कापले किंवा खाल्ले तरी खोडातून पुन्हा फुटते. कांदळाच्या जुन्या फांदीला अशी फूट येत नाही, ती तोडली की संपली. जिथे सरपणासाठी तोड आणि गुरांसाठी पाला ओरबाडणे चालते तिथे कांदळ जाते आणि तिवर राहते. खारटपणा आणि गलिच्छ पाणीही तिवर अधिक सोसते. कच्छच्या किनाऱ्यावर हेच तिवर खाराई उंट खातात. फकिराणी जत नावाची मुसलमान जमात आणि रबारी लोक ते पाळतात, आणि हे उंट भरतीच्या पाण्यात पोहत बेटांवर चरायला जातात. २०१५ मध्ये या उंटाला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. उंटांनी फार खाल्लेली झाडे खुजी राहतात हे खरे. उंटाच्या पायाने बी चिखलात दाबले जाते आणि रुजते, असे उंटवाल्यांचे म्हणणे आहे.

कोकण किनाऱ्यावर तिवराचा पाला गुरांना घालण्याची रीत जुनी आहे. मुंबईत मात्र ती धरून चालणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम ठेवली. बकरी ईदच्या आधी माहुल-चेंबूरच्या वस्त्यांत घरोघरी बकरे बांधलेले असतात आणि पोरे पाल्यासाठी खाडीकडे जातात. तसे करू नये. बोर, उंबर, शेवरी यांचा पाला बकऱ्याला मानवतो. सुबाभूळ चालते, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, तिच्यातील एका घटकाने केस गळतात.

त्याहून मोठे नुकसान धान्याने होते. कोरड्या मुलखात पाला आणि शेंगा खाऊन वाढलेल्या बकऱ्याच्या पोटात ते पचवणारेच सूक्ष्म जीव असतात. अशा जनावराला कुर्बानीपूर्वी वजन वाढावे म्हणून एकदम गहू, ज्वारी, भात किंवा शिळ्या भाकऱ्यांचे घमेले पुढे केले की पोटात आम्ल होते, बकरा चारा टाकतो, पोट फुगते, पातळ हगवण लागते आणि एक-दोन दिवसांत हातचे जनावर जाते. आणल्यापासून पहिले तीन-चार दिवस सुका चारा आणि ओळखीचा पाला द्यावा, पाणी समोर ठेवावे, आणि दाणा सुरू करायचाच तर पहिल्या दिवशी मूठभर देऊन रोज थोडा थोडा वाढवावा. विकणाऱ्याला 'हा कुठे आणि काय चरत होता' एवढे विचारून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते.